प्रवीणने बनवलेला शेवटचा थर

१२ फेब्रुवारी २०२४
आज लॅब उघडली. प्रवीण गेल्यापासून पहिल्यांदाच. घुग्घुसच्या घरून इथे चंद्रपूरला परत येताना कोळशाच्या ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं.
निर्वात नळीत त्यानं बनवलेला फोटोकॅथोड तसाच आहे — प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा थर, केसाहून कितीतरी पातळ. घरी जायच्या आदल्या दिवशी बसवलेला. सर म्हणाले, "रीना, वापरून घे. नाहीतर वाया जाईल."
मान हलवली. हात लावला नाही.
आमचं लग्नाचं ठरलं होतं हे इथे कुणालाच माहीत नाही. सगळ्यांसाठी मी त्याची सहकारी. सहकारी किती रडू शकते?

१४ फेब्रुवारी
आजही वापरायला नाही जमलं.

१७ फेब्रुवारी
पंप कितीही चालवा, नळीत थोडी हवा उरतेच आणि थर मरत जातो. आज मोजला. इलेक्ट्रॉन बरेच कमी सोडतोय. जपून ठेवला तरी जाणारच.
त्यावर प्रकाश टाकणारा माझाच लेसर रखडला होता. जुन्या स्फटिकात डाग होता. तापला की किरण वाकडा व्हायचा, थर एकाच जागी जळायचा. प्रवीण चिडवायचा, "माया थर चांगला हाय, तुयाच उजेड खराब."
नवा स्फटिक बसवला. थंड पाणी आता दोन्ही बाजूंनी फिरवलंय. किरण गोल, सगळीकडे सारखा.
बघायला तो नाही.

१९ फेब्रुवारी
वापरला.
आधीचे थर खरबरीत धातूवर होते, इलेक्ट्रॉन कसेही पसरायचे. या वेळी त्यानं धातूची चकती घासून घासून आरशासारखी केली होती. मी वैतागायचे — पुरे ना, जेवायला चल.
आज पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा ठिपका एवढासा, घट्ट. असा कधीच आला नव्हता. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

२३ फेब्रुवारी
थर संपला. लेसर चालू, समोर आकडा शून्य. तरी बसून राहिले. शेवटी सरांनीच बंद केला.

२६ फेब्रुवारी
प्रवीणची आई, सत्यशीलाबाई, त्याचं सामान न्यायला आल्या. स्वेटर, डबा, पुस्तकं मीच पिशवीत भरली. दारात त्यांनी माझा हात धरला.
"कुरखेड्याची रीना तूच ना? त्यानं सांगतलं होतं मले. मीच म्हटलं, गोंडाची पोरगी आपल्या घरी नाई चालत. भरल्या ताटावरून उठला, बाई. तसाच गाडी काढून निघाला."
मी हात सोडवून घेतला.
त्या तिथेच पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं मीही बसले.