तुझ्या गाडीचा मागचा एक्सल

आई, तुझ्या गाडीचा मागचा एक्सल वाकलाय. आजचा नाही, तुझ्या हयातीतच वाकलेला आहे. कळलं फक्त आत्ता. गेल्या आठवड्यात यवतमाळच्या गॅरेजमध्ये गाडी वर चढवली, मिस्त्रीनं खालून टॉर्च मारला आणि मला हाक मारली. मागच्या दोन्ही टायरांची आतली कड तासल्यासारखी गेली होती आणि बाहेरची जवळजवळ कोरी होती. "पाह्यलं काय मॅडम? दोन चाकं जोडणारी हे जे लोखंडी नळी हाय ना, तेच मधातून खाली बसली," तो म्हणाला. "काय भरत होते इच्यात? कापसाचे गठ्ठे?" मी म्हटलं, "बाया." तो हसला. मला हसू आलं नाही. मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले आणि इतक्या वर्षांनी तुझा असा राग आला की चहा आणून ठेवलेला तसाच थंड झाला.

ती अँबेसेडर तू सरकारी लिलावातून उचललीस तेव्हा राळेगावात बायका स्कूटरसुद्धा चालवत नव्हत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, नवरा एसटीचा ड्रायव्हर, आणि दारात साहेबाची पांढरी गाडी. बाबांनी तुला चालवायला शिकवलं, पण स्वतः कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. "दिवसभर तेच करून राह्यलो, आता घरीबी तेच कायले?" म्हणायचे आणि आडवे व्हायचे. त्यामुळे गाडी एकट्या तुझी. तू पदर खोचून, खाली उशी घेऊन बसायचीस, हॉर्न कमी आणि तोंड जास्त वापरायचीस. बाजारातली माणसं बाजूला व्हायची ती गाडीला घाबरून की तुला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला तुझा केवढा अभिमान वाटायचा ते सांगायची आज माझी इच्छा नाही. आज मी भांडायला बसले आहे.

दसरा जवळ आला की तुझ्या अंगात वारं शिरायचं. आदल्या दिवशी गाडी धुवायची, पांढऱ्या साडीला इस्त्री करायची आणि पहाटे वस्तीतल्या बाया घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर निघायचं. बाया किती घ्यायच्या याला काही धरबंध नव्हता. मागच्या सीटवर एक थर, त्यांच्या मांडीवर दुसरा. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच होता, त्यामुळे पुढची मधली जागाही तुला मोकळी सापडायची. डिकीत भाकऱ्या, ठेचा आणि पाण्याचे कॅन. गाडी मागून जमिनीला टेकायची. एकदा हायवेवर पोलिसानं अडवलं आणि चांगलं झापलं. मग तू काय केलंस? माणसं कमी केलीस? छे! पुढच्या दसऱ्याआधी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा टाकून आणलास, ट्रकला टाकतात तसा, म्हणजे गाडी बसलेली दिसू नये. बाबा म्हणाले होते, "पाटा टाकला म्हणून वजन थोडीच कमी होते? ते दुसरीकडं कुठं तरी जाईनच ना." तू ऐकून घेतलं नाहीस. गाडी मागून ताठ दिसायला लागली, पोलिसानं पुन्हा कधी अडवलं नाही, आणि सगळा मार त्या नळीनं खाल्ला.

आणि एवढ्या दाटीवाटीत माझी जागा कुठे होती? नव्हतीच. मी दरवर्षी विचारायचे आणि तू दरवर्षी तेच सांगायचीस, "तू त घरचीच हायेस. तुले गाडी रोजचीच हाय. त्यायले कोण नेते?" आपल्याकडे कार्यात घरच्या बायका सगळ्यांचं आटोपल्यावर जेवायला बसतात. आधी पाहुणे, मग शेजारी, मग उरलंसुरलं घरच्यांना. हा नियम तू गाडीलाही लावलास. पण स्वयंपाक संपला तर निदान भाकरी पुन्हा टाकता येते, आई. गाडी नागपूरहून परत यायची तोवर दसरा संपलेला असायचा. बाबा जादा गाड्यांच्या ड्यूटीवर, तू नागपुरात, आणि मी शेजारणीच्या घरी तिच्या पोरांची भांडणं सोडवत बसलेली. परत आल्यावर त्या बाया माझा गालगुच्चा घेऊन सांगायच्या, "तुही माय म्हणजे देवमाणूस!" तू त्यांना कधी म्हणाली नाहीस की देवबीव काही नको, या पोरीला आधी थोडी जागा द्या.

एका वर्षी मात्र मी बसले. सहावीत होते, दोन दिवस जेवले नव्हते, तेव्हा कुठे तू कबूल झालीस. मी आजही तिथेच बसलेली आहे. अंगात नवा पांढरा फ्रॉक, बूड अर्धं सीटवर आणि अर्धं कोणाच्या तरी गुडघ्यावर, नाकात खोबरेल तेलाचा वास. वडकीला हायवे लागतो. फाट्यावरून एक खचाखच भरलेली एसटी न थांबताच निघून जाते आणि मागे धुळीत एक बाई उभी राहते, कडेवर लेकरू. तू ब्रेक मारतेस. मला तेव्हाच कळतं. तू मागे वळून सगळ्यांवरून नजर फिरवतेस आणि ती माझ्यापाशी येऊन थांबते. "उतर माय." मी म्हणते, "काहून? मीच काहून?" तू म्हणतेस, "ते पह्यल्यांदा चालली. तू पुढच्या वर्षी." मीही पहिल्यांदाच चालले होते! गाडीतली एक बाई म्हणत नाही की राहू द्या, पोरगी हौसेनं आली आहे. पलीकडे राळेगावची एसटी उभी आहे, कंडक्टर बाबांच्या ओळखीचा. तू मला त्याच्या ताब्यात देतेस, डोक्यावरून हात फिरवतेस आणि जातेस. ती बाई माझ्या जागेवरून लेकराचा हात धरून मला टाटा करते.

पुढच्या वर्षी तुला फाटाही लागला नाही, वस्तीतच गाडी भरली. मग मी विचारणं सोडलं. कॉलेजला अमरावतीला गेले, तिथे असतानाच तुझं दुखणं निघालं आणि तू गेलीस. नंतर मी दीक्षाभूमीवर कितीदा तरी जाऊन आले, एसटीनं, रेल्वेनं, भाड्याच्या जीपनं. तुझ्या गाडीनं एकदाही नाही. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली, तिच्या टपावर सोयाबीनची पोती रचली जायची. बाबा गेल्यावर शेड रिकामं केलं तेव्हा ती भंगारात द्यायचा माझा अगदी पक्का विचार होता. दिली नाही. राळेगावात माझं मेडिकलचं दुकान आहे, बरं चाललंय. हळूहळू इंजिन करून घेतलं, पत्रा, रंग, सीटा. राहिला होता हा एक्सल.

मिस्त्री म्हणतो, "दोन रस्ते हायेत. एक म्हणजे हाच काढून प्रेसवर सरळ करतो. बेरिंग, सील, क्राउन-पिनियन सगळं नवं टाकतो. गाडी तुमची ओरिजिनल राह्यते. पण एकदा वाकेल लोखंड हाय ते. डायवर धरून चार माणसं बसवा, पाचवं नोका बसवू. नाई त हे फेकून देऊ अन् मालवाहू जीपचा एक्सल टाकू. मंग भरा किती भराच्या तेवढ्या बाया." मी विचार करून सांगते म्हटलं. तोवर राळेगावात बातमी पोचली होती. शाळेत खिचडी शिजवायची ती तुझी मैत्रीण, ती मावशी, आता काठी घेऊन चालते. ती दुकानात येऊन बाकड्यावर बसली. औषध नको, काही नको. "दोन एक्सल हायेत म्हणे. मोठाच टाक माय. दसऱ्याले आमी बऱ्याच जणी हावोत. तुह्या मायनं मले कवाच नाई म्हटलं नाई."

"मला म्हटलं," मी म्हणाले.

मावशी हसली, तिला गंमत वाटली. "तू त पोरगी होतीस तिची!"

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. पोरगी होते म्हणून! बाकी साऱ्या जगानं तुझ्याकडून घ्यायचं, आणि मी पोरगी म्हणून समजून घ्यायचं. आणि समजत होतं गं मला, सहावीतही समजत होतं. त्या बायांना खरंच कोणी नेत नव्हतं. वर्षभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करणाऱ्या बाया, त्यांच्यासाठी वर्षातला तो एक दिवस होता आणि तो तुझ्यामुळे होता. तू बरोबर होतीस. त्यानं माझा राग कमी होत नाही, उलट जास्तच चढतो, कारण बरोबर असलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तू चुकली असतीस, नुसती स्वार्थी असतीस, तर मी केव्हाच मोकळी झाले असते. निदान एखाद्या रात्री माझ्याजवळ बसून "तुलेबी न्याले पाहिजे होतं" एवढं तरी म्हणायचंस. तेवढ्याला तर सीट लागत नव्हती.

काल मिस्त्रीला फोन केला. जुनाच सरळ करा, म्हटलं. तो खूश झाला. मावशीलाही सांगितलं, गाडी ओरिजिनल ठेवायची आहे, चारच जण बसतील, त्यात एक जागा तिची. ती बाकीच्या जणींसाठी रुसली आणि काठी आपटत गेली. दसऱ्याला ड्रायव्हर सांगितला आहे. मी मागे बसणार आहे, खिडकीपाशी, सीटवर पूर्ण टेकून.

हे तुला पाठवायची काही सोय नाही, आणि त्यात तुझीच सोय आहे, उत्तर द्यायला नको. पण मावशीला सांगितलं ते तुला सांगून भागणार नाही. ओरिजिनल-बिरिजिनलशी मला काही देणंघेणं नाही. मजबूत एक्सल टाकला असता तर वाटेत कुठे तरी लेकरू घेतलेली एखादी बाई उभी दिसली असती, आणि कोणी काही म्हणायच्या आत मीच दार उघडून खाली उतरले असते.