पट्टी एकावर ठेवा

१२ ऑगस्ट १९९८, बुधवार
आजपासून दर बुधवारी माझ्या चौथीला कॉम्प्युटर. तोही माझ्या गणिताच्या तासात. शिकवणार मीनल, पुण्याची. नवरा इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत, बिऱ्हाड विद्यानगरला. मो. बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावलं. "दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत बघू. तुम्ही सगळ्यात जुन्या, तुमचा लेखी अभिप्राय द्या. समिती त्यावरच ठरवेल, तिला ठेवायचं की नाही."
म्हणजे पोरीची नोकरी माझ्या पेनात. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तेवीस वर्षं मोजमाप शिकवतेय, एक लाकडी पट्टी आणि खडू एवढ्यावर. आता ही मला दाखवणार.

१९ ऑगस्ट
मीनलने मुलांना चपला वर्गात आणायला लावल्या. वर्गाबाहेर रोज ढीग, सुटताना रोज भांडण, म्हणून प्रत्येकाच्या मापाचे लाकडी कप्पे करायचे. आधी पुठ्ठा, मग कॉम्प्युटरवर चित्र, मग सुतार. चौदा मुलं फरशीवर उपडी, हातात शाळेच्या पट्ट्या. बाईसाहेबही खाली मांडी घालून, पंजाबी ड्रेसमध्ये. मो. बाई दारातून बघून गेल्या.
गोंगाट मात्र नव्हता. माझ्या तासाला असतो.

२ सप्टेंबर
पुठ्ठे कापून झाले. चप्पल ठेवली की तंतोतंत. टाचेकडे नाही, बोटांकडे नाही, कुठे दोरा जाईल एवढी फट नाही. पहिल्या बाकावरच्या, सारखे प्रश्न विचारणाऱ्या स्वप्नाने मला ओढत नेऊन दाखवलं. "बाई, बघा ना, कैसा फिट बसला."
मुलं माझी, मापं माझ्या पद्धतीने. मग कॉम्प्युटर हवा कशाला? मीनलला तसं विचारलंही. हसली फक्त. पुणेरी असून उलट उत्तर नाही, आश्चर्य आहे.

९ सप्टेंबर
आज मजा झाली. तीच मापं मुलांनी कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर कप्प्यांचे तळ उमटले, आणि प्रिंटरने करकरत खऱ्या मापाचे कागद काढले. कागदावर चपला ठेवल्या तर प्रत्येकीच्या पुढे बोटभर जागा मोकळी! पुठ्ठा तंतोतंत, कागद मोठा. स्वप्नाची चप्पल वहीत एकवीस सें.मी. लिहिलेली, कॉम्प्युटरने एकवीसच काढलं, तरी उरलं.
मी दारातच होते. म्हटलं, "मीनल, तुमचं यंत्र चुकतंय हो."
"असेलही ताई. मुलांना शोधू दे."
घरी येताना काचीगुड्यापर्यंत बसमध्ये मनातल्या मनात अभिप्राय लिहीत होते. चांगला कडक.

११ सप्टेंबर
झोप लागली नाही म्हणण्यापर्यंत गोष्ट गेलेली नाही, पण जेवण गेलं नाही.
मधल्या सुट्टीत स्वप्ना कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल, कागद आणि पट्टी घेऊन बसलेली. मीनल शेजारी डबा खात होती, मदत शून्य. मी वह्या घ्यायला गेले होते. स्वप्नाने पट्टीची सुरुवात चपलेच्या टाचेला लावली. वीस. मग पट्टी सरकवून एकचा आकडा टाचेला लावला. एकवीस. पुन्हा पहिल्यासारखं. वीस. मग मीनलकडे बघून हळूच म्हणाली, "टीचर, कॉम्प्युटर सही है. आम्हीच एकापासून मोजतो. कापतानाबी एकापासून, तो पुठ्ठा जमून गेला."
"एकापासून का मोजता?"
"बाई बोलतात ना. पट्टी एकावर ठेवा."
मीनलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "बाईंचं काहीतरी कारण असणार. विचार त्यांना." आणि पुन्हा डबा खायला लागली.
कारण होतं. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेच्या पट्ट्यांची टोकं बाकावर आपटून झिजलेली, शून्याचा पत्ता नाही. म्हणून एकावर ठेवायची आणि शेवटी एक वजा करायचा. हे वजा करणं म्हणायचं मी कधी सोडलं? आठवत नाही. पुढे नव्या पट्ट्या आल्या, तरी जिभेवर एक राहिला. सगळ्यांची उत्तरं सारखी आली की मी बरोबरची खूण करायची. सारखी येणारच होती.

१२ सप्टेंबर
घराजवळ मस्तानमियाँचं सुतारकामाचं दुकान, कप्पे तोच करणार. मुद्दाम गेले. विचारलं, पट्टीचं टोक खराब असेल तर कसं मोजता?
"एक छोड़ के पकड़ते अम्मा, बाद में एक काट देते. काटना भूले तो लकड़ी गई."
लाकूड गेलं तर दुसरं आणता येतं. माझी किती मुलं गेली, देव जाणे.

१६ सप्टेंबर
मीनलचा तास मागून घेतला. फळ्यासमोर उभी राहून मुलांना सांगितलं, चूक माझी. अर्धंच सांगत आले. असं काही तेवीस वर्षांत पहिल्यांदा बोलले. मुलांना काही विशेष वाटलं नाही. स्वप्ना म्हणाली, "हौ बाई, मग आता सगळ्यांतून एक काढू का?" आणि सगळे लगेच कॉम्प्युटरवर मापं दुरुस्त करायला बसले. नवे कागद निघाले. तंतोतंत.
तास संपल्यावर मीनलला विचारलं, तुम्हाला कधी कळलं?
"पहिल्याच दिवशी, मुलांनी पट्ट्या कशा धरल्यात ते बघून."
"मग तेव्हाच सांगायचं."
"ताई, मी सांगितलं असतं तर माझं ऐकून मुलांनी पट्टी शून्यावर ठेवली असती. तुमचं ऐकून एकावर ठेवली तशीच."
हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मी कुणाला शिकवलं नाही. माझ्या निम्म्या वयात... जाऊ दे. मनापासून लिहिते, अशी मास्तरीण मी पाहिली नाही.

१८ सप्टेंबर
अभिप्राय दिला. चार ओळी. माझी चूक काय, ती कशी सापडली, मीनलने ती मुलांकडून कशी शोधून घेतली, तिला ठेवावे. मो. बाईंनी दोनदा वाचला. "वसुधाबाई, हे समितीपुढे जाईल. विचारतील, मग इतकी वर्षं तुम्ही काय शिकवलंत?"
"विचारू द्या."
"दुसरा लिहून द्या हवं तर."
नको म्हटलं. जिना उतरताना मात्र मनात हिशेब केला. माझी नोकरी अजून सात वर्षं आहे.
समिती सुट्टीत बसणार.

५ ऑक्टोबर, सोमवार
शाळा सुरू. मस्तानमियाँने कप्पे आणून वर्गाबाहेर लावलेत. चौदा सांगितले होते, सोळा निघाले. दोन कप्प्यांची मापं मुलांनी गुपचूप दिली होती. पंधराव्यावर खडूने 'बाई'. कधी मोजलं माझ्या चपलेला? "तुम्ही सप्टेंबरच्या आठ तारखेला लायब्ररीत अनवाणी गेला होता ना, तेव्हा," स्वप्ना म्हणाली. म्हणजे एकापासून मोजलेलं, लक्षात येऊन मी जरा घाबरले. "नंतर एक काढला बाई." घातली चप्पल. बरोबर बसली.
सोळाव्यावर 'टीचर'. समितीचं पत्र अजून नाही, त्यामुळे मीनलला बोलावणंही नाही. मो. बाईंना तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्या चिडल्या. दुपारी कुणीतरी त्या कप्प्यात पाण्याची बाटली ठेवलेली दिसली. मी ती काढून खाली ठेवली आणि कप्पा पदराने पुसला.
परवा बुधवार.