मीन राशीचं काय झालं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे; पेनाचं टोपण टेबलाखाली घरंगळलंय.) इकडे मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण लक्ष दिलं की जास्तच कुरकुरतो, म्हणून देत नाही. भाऊजींचा खोकला आणि मुख्य म्हणजे तुझा डावा डोळा, यांचं कसं काय ते कळव. सूनबाई, तू हे पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवणार, तेव्हा कंसातला मजकूर आधी मनात वाच आणि मग काय ते ठरव.

तुझं (म्हणजे तू सांगितलेलं आणि सूनबाईनं उतरवलेलं) पत्र पोचलं. आमच्या ज्योतिषाच्या बाई गेल्याचं तुला वर्तमानपत्रातून कळलं, मी कळवलं नाही, म्हणून तू रागावलीस. राग रास्त आहे. पण चार ओळी रागाच्या झाल्यावर पाचव्या ओळीत तू विचारतेस, बाईंनी यंदा माझ्या मीन राशीचं काय लिहून ठेवलंय? ते कळल्याशिवाय म्हणे तू डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाहीस. मोतीबिंदू पुरता पिकलाय, आणखी थांबलात तर आमच्याही हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर दोनदा बोलले आहेत. (हे सूनबाईनं पत्राच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात कळवलंय. तिला बोलू नकोस.) बाईंचं वार्षिक भविष्य पाहिल्याशिवाय तू एकोणीस वर्षांत खिडकीचा पडदासुद्धा बदललेला नाहीस, तर डोळ्याची काय कथा! म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

तुला बाई ठाऊक आहेत त्या पुस्तकाच्या पाठीवरच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरची खोली घेऊन ज्योतिषाचे वर्ग काढले. फळा, खडू, हजेरी, तोंडी परीक्षा, काही कमी नव्हतं. मी तिथे तीनदा नापास झालो. पहिल्या खेपेला माझी वजाबाकी चुकली आणि एका धडधाकट गृहस्थाचं आयुष्य उणे चार वर्षं निघालं. बाईंनी वहीवर लाल शाईत शेरा मारला, 'हे गृहस्थ बाहेर बाकावर बसले आहेत. अक्षर सुंदर.' त्या अक्षरावर मी तरलो. तेव्हापासून बाई सांगायच्या आणि मी लिहायचो. पुस्तकं, लेख, लोकांच्या पत्रांना उत्तरं, सगळं माझ्या अक्षरात. प्रकाशकानं बाईंच्या सहीपलीकडे त्यांचं अक्षर कधी पाहिलेलं नाही.

भविष्य सांगतानाही त्यांच्यातली मास्तरीण जायची नाही. एकजण मुलाच्या नोकरीचं विचारायला आले. बाई म्हणाल्या, "अर्ज किती केले त्यानं?" ते म्हणाले, "एक केला होता." "मग शनीला कशाला नावं ठेवता? आणखी नऊ करायला सांगा आणि मग या." ते काही परत आले नाहीत. म्हणजे नोकरी लागली असेल किंवा राग आला असेल. बाईंच्या हिशेबी दोन्ही ठीकच. पण कुणाचा चेहरा पडलेला दिसला, की पत्रिका उघडण्याआधी त्या पाण्याचा पेला पुढे करायच्या आणि मला खडू आणायला खाली पिटाळायच्या. खडूची खोकी कपाटात सात होती. मी गुपचूप खाली जाऊन घड्याळवाल्याशी गप्पा मारत बसायचो.

शोकसभा रविवारी शाळेच्या सभागृहात झाली. फोटोचं काम माझ्याकडे होतं (हसू नकोस). शिक्षकांच्या जुन्या समूहफोटोतला दुसऱ्या रांगेतला डावीकडून तिसरा चेहरा मोठा करून द्या, असं मी फोटोवाल्याला सांगितलं. त्यानं डावी बाजू स्वतःची धरली की फोटोतल्यांची, देव जाणे; चौकटीत आल्या त्या ड्रॉइंगच्या मॅडम. त्या हयात आहेत. हयातच नव्हे, तर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तीन वक्ते त्या फोटोकडे बघून गहिवरले, एका दंतवैद्यानं तर फोटोला वाकून नमस्कार केला, आणि मॅडम वीस मिनिटं गप्प. चौथा वक्ता उठला तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "अहो, ती मी आहे." इतका वेळ बोलला का नाहीत, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "चांगलं बोलत होते, मधे कशाला तोंड घालू?"

शेवटी प्रकाशक उभे राहिले. अकरा राशी छापखान्यात गेल्यात, बारावी, म्हणजे मीन, सापडत नाही, हे त्यांना त्याच सकाळी कळलेलं. त्यांनी सभेत सांगून टाकलं, की बाईंची स्वतःची रास मीन, पुढचं दिसल्यामुळे त्यांनी लेखणी खाली ठेवली! सभागृह हळहळलं. (बाईंची रास कन्या. पण टाळ्या पडल्यावर रास कोण विचारतो?) पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "बाराव्या हिश्शाच्या वाचकांना भविष्यच नाही, असं पुस्तक मी विकू कसं? शोधा!"

तर ताई, मी शोधलं. आणि सापडलं. खडूच्या चौथ्या खोक्यात, घडी करून ठेवलेलं होतं. जसंच्या तसं उतरवतो. 'मीन : वर्षारंभ नेत्रसुखाचा. डाव्या डोळ्याचे काम रेंगाळले असल्यास त्वरित उरकावे. सोमवार चालेल, मंगळवारही चालेल. डॉक्टरांशी वाद घालू नये. सुनेच्या शब्दाला मान द्यावा. धाकट्या भावाला जुन्या गोष्टींवरून टोचून बोलू नये.' घे! याहून स्पष्ट काय पाहिजे? बाई शांतपणे गेल्या, बाराच्या बारा राशी हातावेगळ्या करून. तू आता डॉक्टरांकडून तारीख घे. भाऊजींना नमस्कार सांग, आणि घरातल्या लहानमोठ्यांना ज्याचं त्याला पोचतं कर.

तुझा,
धाकटा

ता. क. चष्म्याची जुनी चौकट टाकू नकोस. चांगली आहे, नवी काच बसेल.

ता. क. २. (सूनबाई, हे मनात वाच.) ते पान मी लिहिलंय. अक्षर माझंच असल्यामुळे कुणाला पत्ता लागणार नाही. सासूबाईंनी कुरकुर केली तर 'सुनेच्या शब्दाला मान द्यावा' हे पुन्हा वाचून दाखव, तेवढ्यासाठीच घातलंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. सूनबाई, तुला खोटं बोलता येत नाही, दुसरा ता. क. वाचताना तुझ्या तोंडावरूनच ताईला कळलं असणार. तेव्हा आता हे मोठ्यानं वाच.

ताई, बाईंनी मीन लिहिलीच नाही. दिसलं-बिसलं काही नाही; बारावी रास बाराव्या नंबरावर येते, एवढंच. त्यांच्या छातीत तीन आठवडे दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, आजच दाखल व्हा. बाई म्हणाल्या, "अकरा झाल्या, एकच राहिलीय. मीन पुरी करते आणि जाते." मी काय करायला हवं होतं? हाताला धरून उठवायला हवं होतं, रिक्षा बोलवायला हवी होती. एकोणीस वर्षं बाईंचं ऐकायची सवय; मी नवीन कागद घेतला आणि वर 'मीन' असं लिहिलं, सुंदर अक्षरात. त्याखाली काहीच लिहून झालं नाही. तुला कळवलं नाही ते यासाठी. मला कुणालाच तोंड दाखवावंसं वाटत नाही.

उद्या प्रकाशकाला सांगणार आहे, की मीनेचं पान कोरं जाईल. चिडतील, चिडू देत.

त्या मीन पुरी होईपर्यंत थांबल्या, तू मीन छापून येईपर्यंत थांबली आहेस. एकाच राशीपायी मी दोघींना घालवणार नाही. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं येतोय. बाईंना म्हणायचं राहिलं ते तुला म्हणतो. ताई, ऊठ. चपला घाल.