खुर्चीखालचा नॉब

मंगळवार, संध्याकाळ. सांगली.

आज ऑफिसात खुर्च्या दुरुस्त करणारा आला होता. साताऱ्याहून बदली होऊन आल्यापासून मी खुर्चीच्या टोकावर पाहुणीसारखी बसतेय. मागं रेललं की ती मला पुढं ढकलते. मला वाटायचं, बिघडली आहे.

"बिघडली न्हाई ताई," तो म्हणाला. "आधीच्या सायबांच्या वजनाला आवळल्याली हाय. पाठ कुठं दुखती?"

मी सांगत सुटले. मान, कंबर, भाड्याच्या खोलीतली गादी, सगळंच. चार महिन्यांत असं कुणी विचारलंच नव्हतं. पण खुर्चीवाल्याला गादीचं काय सांगायचं? वेडीच आहे मी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मला सीटखाली हात घालायला लावून तिथला गोल नॉब दाखवला. एकीकडं फिरवला की सैल, उलटा फिरवला की घट्ट. मी सैल केला, मागं रेलले. खरंच पाठ टेकली.

"आता कवाबी कुणाला बोलवायला नको," म्हणत तो गेला.

सगळे निघून गेल्यावर तो नॉब मीच पुन्हा गच्च आवळला. उद्या त्याला फोन करून सांगेन, खुर्ची परत ढकलतेय म्हणून.