कुत्रीच्या वाट्याची कोंबडी

बाबा, आज सकाळी मी शेजारच्या सुनेला झापलं. तिने फाटकाच्या सळ्यांतून माझ्या कुत्र्याला भाजलेल्या कोंबडीची तंगडी दिली होती, कालच्या पाहुण्यांची उरलेली, लाल मसाला लागलेली. "आंटीजी, प्यार से दिया," ती म्हणाली. "कुत्ते तो हड्डी खाते ही हैं ना?" मी त्याच्या जबड्यात हात घालून तंगडी ओढून काढली आणि तिच्या सासऱ्यांसमोरच तिला ऐकवलं. शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं आणि आतडं फाडतं. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त नासवतात. मीठ-मसाला नको, तेलकट चामडी नको, मनुका नकोत, चॉकलेट तर मुळीच नको. एवढंच प्रेम असेल तर बिनमिठाची कोंबडी भाज, गार कर, हाडं काढ आणि त्याच्या रोजच्या भातावर चार घास घाल. त्याहून जास्त नाही. तिने डोळे मोठे करून विचारलं, "आपने ये सब कहाँ सीखा?" मी म्हटलं, "कॉलेज पढ़ी हूँ." खोटं होतं ते. बालाघाटच्या कॉलेजात मला कोणी हे शिकवलं नाही. तुम्ही शिकवलंत, तिरोडीच्या खाणीवरच्या बंगल्यात, आणि इतक्या वर्षांत मी ते कुणालाही सांगितलेलं नाही.

तुम्ही मॅनेजरसाहेबांचे खानसामा होतात. रविवारी शाळा नसे, म्हणून मी तुमच्यासोबत बंगल्याच्या स्वयंपाकघरात यायची आणि कोळशाच्या पोत्याशेजारी बसायची. निखाऱ्यांवर लोखंडी जाळी, जाळीवर दोन कोंबड्या. एकीला लोणी, मिरी, कांद्याचा रस, ती साहेबांची. दुसरी नागडी, तिला मीठसुद्धा नाही. ती साहेबांच्या तपकिरी, लांब कानांच्या कुत्र्याची. साहेबांची कोंबडी तुम्ही कापून ताटात लावत होता आणि मोकळे होत होता. कुत्र्याच्या कोंबडीपाशी मात्र मांडी घालून बसत होता. चामडी सोलून बाजूला, मांस धाग्याधाग्याने सुटं, आणि मग त्या ढिगातून बोटं फिरवणं, एकदा उजव्या हाताची, एकदा डाव्या. "डोये धोका देतेत," तुम्ही म्हणायचात. "बोटं नाही देत." तुमचा चेहरा तेव्हा जितका मऊ होई तितका मी घरी कधी पाहिला नाही. एकदा मी त्या ढिगातला एक धागा उचलला तर तुम्ही माझ्या हातावर चिमटा मारलात, निखाऱ्यांचा, लोखंडी. "कुत्र्याच्या वाट्याले हात लावतं काय वं?" त्याचा डाग अजून आहे. वळणदार अक्षराचं बक्षीस मला त्याच हाताने मिळालं, ते जाऊ द्या.

मी चौथीत गेले त्या पावसाळ्यात तुम्ही मला बोटं फिरवायला शिकवलंत. "एक खेप उजव्या हातानं, एक खेप डाव्या. घाई नोको करू." मला एक बारीक हाड सापडलं, सुईएवढं, तुमच्या बोटांतून निसटलेलं. तुम्ही ते उजेडात धरलंत आणि बंगल्याच्या माळ्याला हाक मारून दाखवलंत. "पाह्य, माह्या पोरीनं काढलं." तुम्ही माझं कौतुक केलेलं मला आठवतं ते एवढंच. पुढे मी बी.ए. झाले तेव्हा तुम्ही नुसतं "हौ" म्हणालात.

आणि तुमचा नेम. नागपूरहून दीक्षा घेऊन आलात तेव्हा आपल्या लाइनीतल्या, खाणमजुरांच्या त्या चाळीतल्या, सगळ्यांनी चौकात बसून ठरवलं होतं, कोणाचं उष्टं-उरलेलं आता आपल्या तोंडी लागणार नाही. बाकीच्यांना ते सोपं होतं, त्यांना कोणी देतच नव्हतं. तुम्हाला बाईसाहेब रोज काहीतरी पानात बांधून द्यायच्या. नाही म्हटलं तर नोकरी, हो म्हटलं तर नेम. मग तुम्ही वाट काढलीत. पान घरी आणायचं, अंगणात सगळ्यांच्या देखत सोडायचं, हाडं वेचून मागच्या खड्ड्यात पुरायची आणि मांस आपल्या पांढऱ्या पायांच्या कुत्रीला घालायचं. लाइनीतल्या लोकांनी पाहावं की खानसाम्याची लेकरं बंगल्याचं उरलेलं खात नाहीत. आम्ही भावंडं उंबऱ्यात उभी राहून बघत होतो. माय आत अंबाडीच्या भाजीत पाणी वाढवत होती. समोरची आत्या एकदा मोठ्याने म्हणाली, "या घरी जन्म घ्याचा त कुत्रीचाच घ्यावा वं माय!" सगळी लाइन हसली. तुम्हीही हसलात. मी नाही हसले.

तुमचा नेम खरा होता, हे मला आज कळतं. मीही तो पाळला, आणि माझ्या विद्यार्थिनींनाही कोणापुढे वाकू दिलं नाही. पण नेम मोठ्या माणसांनी केला होता आणि त्याची भूक आमच्या वाट्याला आली होती. त्याबद्दल तुम्ही आम्हाला एका शब्दाने विचारलं नाहीत. कोंबडी आपल्या घरी वर्षातून एकदा शिजत होती, तीही पाहुणा आला तर.

मी चौथीत असतानाच एका रविवारी साहेब अचानक जबलपूरला निघाले, कुत्र्याला घेऊन. त्याच्यासाठी भाजलेली कोंबडी तशीच राहिली, अख्खी. जीप दारात उभी, तुम्ही वाटेचा डबा भरत होता, बाईसाहेब ओरडत होत्या. तुम्ही कोंबडी पळसाच्या पानांत गुंडाळून माझ्या हातात दिलीत. "घरी जाऊन हड्ड्या काढ, खड्ड्यात पूर. मांस कुत्रीले घाल. दोन खेपा बोटं फिरवजो." मी ते गरम पुडकं छातीशी धरून मँगनीजच्या काळ्या ढिगाऱ्यांमधून घरी गेले. माय कामावर होती. अंगणात कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कुत्री मेली. आधी ती खाईना, मग पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी राहिली, मग रक्त पडलं. तुम्ही तिच्या पोटावर हात ठेवून बसलात, आणि ती गेल्यावर मला हाक मारलीत.

"दोन खेपा फिरवलं होतं?"

"हौ."

"डाव्या हातानं बी?"

"हौ, बाबा."

माय तुमच्यावर धावून आली. "पोरीच्या हाती काहून देल्लं तुमी? नऊ वर्साची पोर ते!"

"मले वाटलं शिकली," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे न बघता म्हणालात. "नाही शिकली. तिच्या बोटाइत नजर नाही."

त्यानंतर तुम्ही मला बंगल्यावर कधी नेलं नाहीत. बाईसाहेबांनी दिलेलं पानही घरी येणं बंद झालं. वाटेत कुठे टाकत होता, ते मी विचारलं नाही. ते एक वाक्य घेऊन मी मोठी झाले. वर्गात माझ्या हातून तपासलेल्या वहीत चूक निघाली नाही, शाळेच्या तपासणीत माझा कागद परत आला नाही. लोक मला कडक म्हणतात. म्हणू देत. मी प्रत्येक गोष्टीतून दोनदा बोटं फिरवते.

तरी शेवटी तुम्ही काय केलंत? मी किरनापूरला नोकरीवर होते, तुम्ही खाटेला लागलात म्हणून तुम्हाला माझ्याकडे आणलं. डोळे गेले होते तुमचे. मी वैनगंगेचे मासे आणवले, काटा न् काटा काढला, भातात कालवून ताटली तुमच्या मांडीवर ठेवली. आणि तुम्ही खाण्याआधी भातातून उजव्या हाताची बोटं फिरवलीत. मग डाव्या हाताची. मी समोर उभी होते. तुम्हाला काही सापडलं नाही. जेवलात आणि हात पुढे केलात, धुवायला. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

तेव्हाच बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं. मी तुमच्या हातावर पाणी घातलं आणि गप्प राहिले, कारण भांडले असते तर खरं सांगावं लागलं असतं. ते इथे लिहिते. हे पत्र जाणार कुठे? सकाळच्या त्या तंगडीसोबत खड्ड्यात पुरीन.

माझी बोटं चुकली नव्हती, बाबा. घराच्या मागे, भिंतीला टेकून, मी ती कोंबडी तुमच्यासारखीच सोडली. एक खेप उजव्या हाताने, एक खेप डाव्या. मांसात एकही हाड राहिलं नव्हतं. कुत्री समोर बसून कुंई कुंई करत होती, आवाजाने कोणी येईल म्हणून मला धाक वाटत होता, म्हणून हाडं मी तिच्यापुढे टाकली. मांस मी खाल्लं. सगळं.

मीठ नव्हतं त्यात. तरी चांगलं लागलं.