शनिवारी मीनू येते

५ जून २००४, शनिवार
आज पुन्हा सांगितलं. पुन्हा रडली. पहिल्यांदाच कळल्यासारखी, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

दुपारी तीनला सु. गॅलरीत. "मीनू आली नाही अजून? जीप चुकली वाटतं." मीनू सुरगाण्याकडे आश्रमशाळेत शिकवायची, दर शनिवारी जीपने घरी यायची. येत्या जुलैत सहा वर्षं होतील आमची लेक जाऊन. सु.ला शनिवार आठवतो. पुढचं आठवत नाही.

मी सांगितलं. सुमन, मीनू गेली. जीप घाटात उलटली. सरळ, एवढंच. चौतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, आता घरात बायकोशी खोटं बोलायचं म्हणजे...

पाचला विचारते, "अहो, माझे डोळे का चुरचुरतायत?" साडेपाचला परत गॅलरीत.

दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज बातम्या वाचल्यासारखा झाला होता. स्वतःची किळस आली.

८ जून, मंगळ.
गंगापूर रोडला डॉ.कडे. हा माझाच विद्यार्थी. दहावीला मेंदूच्या आकृतीत अनुमस्तिष्क काढायचा विसरला होता, अर्धा मार्क कापला होता मी. आज सु.च्या मेंदूची फिल्म दिव्यासमोर धरून मलाच शिकवत होता. सूड उगवावा तर असा.

"सर, नवी गोष्ट साठवायची जागा आक्रसलीय. तुम्ही सांगता ते टिकत नाही. पण ऐकून जे दुःख होतं ते मागे राहतं. कारण विसरतात, दुःख राहतं. मग संध्याकाळभर त्या उदास, आणि का ते त्यांनाच ठाऊक नाही."

"मग काय करू?"

"सांगू नका."

"खोटं बोलू?"

खालचा ओठ चावला. लहानपणीही उत्तर येत नसलं की असंच करायचा.

मग माझी पाळी. रक्तदाब वाढलाय. रोज सकाळी दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. श्वासाकडे बघायचं. विचार आला की त्याला नुसतं 'विचार' म्हणायचं आणि परत श्वासावर यायचं. "मेंदूला तेच तेच उगाळायची सवय लागते, सर. ती मोडता येते. या वयातसुद्धा." 'या वयातसुद्धा' म्हणताना बिचारा ओशाळला.

आई असती तर म्हणाली असती, एवढं सांगायला डॉक्टर कशाला लागतो?

९ जून, बुध.
बसलो. श्वास आत, श्वास बाहेर. शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. गॅसचा नंबर लावायचाय: विचार. सु.चं नाक वाहतंय, गोळी: विचार. शनिवार: विचार.

शनिवारनंतर श्वास सापडेना. उठलो. चारच मिनिटं झाली होती.

१२ जून, शनि.
"मीनू?"

"येईल."

बोललो एकदाचा. जीभ जड झाली नाही, काही नाही. सु. खूश. तीन माणसांचा भात लावला, तीन ताटं घेतली. तिसऱ्या ताटावर ताट झाकून ठेवलं. जेवताना म्हणे, "दमून येईल पोर. तिला लगेच प्रश्न विचारत बसू नका."

संध्याकाळी पुस्तकातल्या चित्रासारखी प्रसन्न होती. झोपली पण शांत. झाकलेलं ताट सकाळी गाईला घालणार.

डॉ. बरोबर होता. मला मात्र ताप आल्यासारखं वाटतंय.

२० जून, रवि.
हॉलमधल्या मीनूच्या फोटोला चंदनाचा हार आहे. सु.ने वर पाहिलं तर सगळं केलेलं पाण्यात. स्टुलावर चढून हार काढला. कपाटात, माझ्या स्वेटरखाली ठेवलाय.

हाराखाली काच जरा स्वच्छ राहिली होती. सहा वर्षांत तिचा गळा दिसला नव्हता. गळ्यातली ती बारीक काळी पोत. बघत उभा राहिलो. हार नसलेला फोटो म्हणजे जित्या माणसाचा फोटो. कुणी आलं तर म्हणेल, मुलगी कुठे असते तुमची?

३ जुलै, शनि.
किसन रोज सकाळी बाजारात जाताना फुलं टाकून जातो. सु.चा धाकटा भाऊ. मखमलाबादला त्यांची फुलशेती, सु. लग्नाआधी दहा बोटांनी हार-गजरेच करायची. तिला माझं नाव अधूनमधून सापडत नाही. पण मोगऱ्याची पुडी समोर आली की बसते पाट घेऊन. दोरा पायाच्या अंगठ्याला, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, गाठ. बोटं नुसती पळतात.

किसन बघत राहिला. "दाजी, ताईला काय झालंय म्हणता? गजरा बघा की. एक गाठ इकडची तिकडं नाय."

त्याला समजावलं, हातांची आठवण मेंदूत वेगळ्या जागी असते, ती शेवटपर्यंत टिकते. म्हणाला, "आसंल. पर ताई हाय तशीच हाय." मग पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ आला नाही.

रोज दोन गजरे करते. एक स्वतःला. दुसरा माझ्या हातात. "मीनूला द्या."

फ्रिजमध्ये ठेवतो. आज नऊ झाले. दुधाला मोगऱ्याचा वास लागलाय.

१८ जुलै, रवि.
सहा वर्षं. तेव्हा १८ ला शनिवार होता.

डॉ. म्हणाला होता, वाईट आठवण आली की पळू नका, तिच्यासमोर बसून राहा, ती आपोआप ओसरते. बसलो. ओसरली नाही. म्हणून लिहून टाकतो.

शुक्रवारी सुरगाण्याच्या पीसीओवरून तिचा फोन. "बाबा, पाऊस खूप आहे, घाटात धुकं असतं. मी रविवारी सकाळच्या एसटीने येते." रविवारी निफाडचे लोक तिला बघायला यायचे होते. सकाळी दहाला. पहिल्याच भेटीत उशीर नको, असं माझं. मी म्हणालो, "शनिवारीच ये. जीपा असतातच की."

जीपा असतातच की.

त्या जीपमध्ये सतरा माणसं होती.

सु. तेव्हा फोनशेजारीच बसून पालेभाजी निवडत होती. तिने ऐकलं. त्या दिवसापासून आजपर्यंत एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती, ताट भिरकावलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही. माझ्या चहात साखर तेवढीच घालत राहिली.

आणि मी तिला इतके महिने प्रत्येक वेळी खरं सांगत होतो, ते काय खरेपणासाठी? आज बसल्या बसल्या वाटलं, कधीतरी ऐकता ऐकता ती म्हणेल, तुमच्यामुळे. त्याचीच वाट बघत होतो मी. आणि ती रडायची.

७ ऑगस्ट, शनि.
"येईल." आता सराईत झालोय. आज वर पुस्ती जोडली, "परीक्षेचे पेपर तपासतेय म्हणाली."

११ सप्टें., शनि.
गॅलरीतल्या कुंडीवर बुलबुल आला. सु. हसली. मान वळवली, परत बघितलं, पुन्हा नव्याने हसली. पाच मिनिटांत चार वेळा तोच बुलबुल पहिल्यांदा पाहिला तिने.

डॉ. म्हणतो वर्तमानात राहायला शिका, सुखी व्हाल. सु. राहते. तिला दुसरीकडे जायला वाटच उरली नाही. न शिकता पहिली आली. मी तीन महिने नाक धरून बसतोय, अजून काठावर पास.

हेवा वाटला. बायकोच्या आजाराचा हेवा. लिहायलाही लाज वाटते, पण वाटला.

२ ऑक्टो., शनि.
एक कबुली. आज तीनला मीही गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिला सोबत म्हणून नाही. कोपऱ्यावर एक जीप वळली आणि माझ्या छातीत खरंच धडधडलं. दोघं कठड्याला धरून उभे. जीप पुढे निघून गेली.

सु. म्हणाली, "मागच्या जीपने येईल."

मी म्हणालो, "हो." आणि त्या क्षणी मला ते खोटं वाटलं नाही. गेल्या सहा वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. डॉ.ला हे सांगणार नाही.

२२ ऑक्टो., शुक्र., दसरा
किसनने पहाटेच गोणीभर झेंडू आणून टाकला. सु.च्या अंगात माहेर संचारलं. दुपारपर्यंत दाराला तोरण, विळीला हार, मिक्सरला हार, शिलाई मशीनला, स्कूटरला, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा. मी अंघोळ करून आलो तर हॉलमधल्या फोटोंनाही. आमच्या लग्नाच्या फोटोला. माझ्या निवृत्तीच्या समारंभाच्या फोटोला. मीनूच्याही.

किसन सोनं द्यायला आला, माझा हारातला फोटो बघून दारातच थबकला. "अगं ताई, जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात का? काढ, काढ. दाजी, तुमी तरी..."

सु. हसत म्हणाली, "फुलं उरली होती रे. वाया कशाला घालवायची?"

किसन माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, राहू दे, आजचा दिवस. एका ओळीत तिघं झेंडूच्या हारात. मीनू वेगळी पडली नव्हती. कुणीच वेगळं पडलं नव्हतं. काढवेना मला.

संध्याकाळी काढायचे असं ठरवलं होतं. राहिले.

२३ ऑक्टो., शनि.
हार काढायला हवे होते.

सकाळी सु. केर काढता काढता थांबली. वर बघत. हातात झाडू तसाच.

"मीनूच्या फोटोला हार का आहे?"

काल आपणच घातला हे तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. हार उरला होता, आणि फोटोवरच्या हाराचा अर्थ तिला पक्का आठवत होता. तो जन्माआधीपासून माहीत असल्यासारखा.

"तूच घातलास. काल दसरा होता."

"मग तुमच्याही फोटोला आहे."

"हो."

"आणि आपल्या लग्नाच्या."

"हो."

बराच वेळ तिन्ही फोटो बघितले. "म्हणजे आपण सगळेच गेलो?" आणि खुदकन हसली. मीही हसलो. वाटलं, निभावलं.

झाडू कोपऱ्यात ठेवला. खुर्चीवर बसली. मग डोळ्यांत इतक्या महिन्यांत नव्हतं तसं काहीतरी, नेम धरल्यासारखं.

"मीनू गेली ना?"

मी श्वास घेतला. श्वास आत. तो बाहेर काढायचा राहून गेला.

"जीप. पाऊस होता." एकेक शब्द ती फुलासारखा उचलून ठेवत होती. "मी माठ निवडत होते. तुम्ही म्हणालात, जीपा असतातच की."

सहा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते असं आलं. राग नाही, काही नाही. बाजारातून काय आणलं हे सांगावं तसं. मी बोलायला तोंड उघडलं, खरं सांगायला की खोटं, ठाऊक नाही.  उठून जवळ आली, माझ्या हातांवर हात ठेवला. झेंडूचा वास होता हाताला.

"राहू द्या," म्हणाली. "उद्या सांगा."

दुपारी तीनला गॅलरीत गेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होती. झोपली होती की जागी, बघायचं धाडस झालं नाही.

२४ ऑक्टो., रवि.
सकाळी लवकर उठून तिन्ही हार उतरवले. मीनूच्या फोटोला चंदनाचा पुन्हा घालावा का, कपाट उघडून विचार करत उभा होतो. घातला नाही. हार अजून स्वेटरखालीच आहे.

किसन शेवंती टाकून गेला. सु. पाट घेऊन बसली. मी समोर माझी दहा मिनिटं घेऊन बसलो, पण डोळे मिटले नाहीत. तिचा चेहरा वाचत होतो. कालचं काही उरलंय का? काहीच कळत नव्हतं. डॉ.ने फिल्मवर दाखवलेली ती आक्रसलेली जागा बाहेरून दिसत नाही.

दोन गजरे केले. एक स्वतःच्या अंबाड्यात खोवला. दुसरा माझ्या हातात दिला. रोजच्यासारखं 'मीनूला द्या' म्हणाली नाही. नुसता दिला, आणि उभी राहिली. माझ्याकडे बघत.

मग चहा टाकायला आत गेली.

डबा उघडल्याचा आवाज आला. साखर घालतेय. गजरा ओला आहे, हातातच धरलाय. आता दोन कप घेऊन येईल आणि समोर बसेल. काल तिने उद्या म्हटलं होतं, तो उद्या म्हणजे आजच.