कानेलोची चटई

डेन्व्हर सिटी, टेक्सस
९ ऑगस्ट १९८५

प्रिय ओफेलियाताईस,
सा. न. वि. वि.

कुत्रा मी पळवला, हे तू आता तिसऱ्यांदा लिहिलंस. अगं, कानेलो आपणहून ट्रकमध्ये चढून बसला होता. पापांनी त्याला वाढवलं, कबूल. पण ते माझी नाही, त्याचीच चौकशी करतात, हे लिहायलाच हवं होतं का?

इथे माणूस म्हणून दिसत नाही. तेलविहिरी म्हाताऱ्या झाल्यात, म्हणून आम्ही कार्बन डायऑक्साइड खाली दाबतो, मग दगडाला चिकटलेलं तेल सुटून वर येतं. दिवसभर मी झडपा फिरवतो आणि कानेलोशी बोलतो. वायू इतका गार सुटतो की एवढ्या उन्हात झडपेवर बर्फ धरतो. कानेलो त्या गारव्याशेजारी पसरतो.

शंभर डॉलर पाठवलेत. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
एलिसेओ

प्रेसिदिओ
१७ ऑगस्ट

चि. एलिसेओस,
अनेक आशीर्वाद.

बर्फ म्हणे, आणि ऑगस्टात. थापा मारायच्या तर पटतील अशा तरी मार. पापांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, गारवा शोधतोय म्हणजे कानेलो थकला. त्याची चटई ते अंगणातून हलवू देत नाहीत. त्यांच्या पायांची सूज वाढलीय. दाराकडे तोंड करून बसतात.

शंभर पोचले. दर महिन्याला तेवढेच पोचतात. कुत्र्याला तरी पाठव. बसमध्ये एकटा कुत्रा घेत नाहीत, सोबत माणूस लागेल, एवढं तुला कळेलच.

जेवत जा.

ताई

डेन्व्हर सिटी
२६ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. कानेलो गेला.

विहिरीच्या तोंडाभोवती सिमेंटचा खड्डा असतो. मंगळवारी झडप गळत होती. हा वायू दिसत नाही, वास नाही, हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचून राहतो आणि आत उतरणाऱ्याचा श्वास कोंडतो. कानेलो गारव्याला आत उतरला. मला वाटलं, झोपलाय. हाका मारत मीही उतरणार, तेवढ्यात मुकादम वेडसाहेबांनी मागून कमरेचा पट्टा धरून ओढलं. म्हणाले, गाढवा, दोघांना पुरायला मला सवड नाही. मग वारा सुटून वायू उडून जाईपर्यंत आम्ही काठावर बसून राहिलो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

आता झडपा फिरवताना मी बोलतो आणि मध्येच गप्प होतो.

पापांना तू काही सांगू नकोस. चटई राहू दे. त्याचा गळपट्टा घेऊन मीच येतोय, सात तारखेच्या बसने. तुझी माया तोवर पुरवून ठेव.

या वेळी शंभर नाहीत. तिकीट आणि रजेचा कापलेला पगार जाऊन उरले ते पाठवतोय, खिशात राहिले तर वाटेत उडतील. एकोणीस डॉलर.

एलिसेओ